खाऱ्या पाण्याच्या कांचपेटीस शेवाळाचें शेत

शेतांतून पीक निघून गेलें म्हणजे त्याबरोबर जमिनींतील नत्र व स्फुरदही निघून जातात आणि ती तूट भरून काढण्यासाठीं खत घालावें लागतें, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु नत्र व स्फुरद अधिक झाल्यामुळेंच जेथें नुकसान होतें, अशीही एक जागा आहे. ती म्हणजे घरांत हौसेनें ठेवलेली खाऱ्या पाण्याची कांचपेटी होय. तेथें रोज खत पडतें, पण पीक कधींच निघत नाहीं. असें शेत फार दिवस निरोगी राहणें शक्य नाहीं. म्हणून त्या पेटीस एक लहानसा खण जोडावा, त्यांत समुद्रशेवाळ लावावें आणि त्याची नियमानें कापणी करावी, अशी एक रीत गेल्या कांहीं दशकांत पुढें आली आहे. तिची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

हा विषय वरवर शहरी हौसेचा दिसला, तरी त्याचें मूळ शेतकीच्याच तत्त्वांत आहे. ज्यास पेरणी, निंदणी व कापणी कळते, त्यास हें काम समजावयास वेळ लागत नाहीं. उलट ज्यास त्या कळत नाहींत, तो महागडीं यंत्रें घेऊनही फसतो.

पेटींतील खत

माशांस घातलेला खाऊ हेंच या पेटींतील खत होय. तो माशांनीं खाल्ला तरी त्यांतील पुष्कळसें नत्र अमोनियाच्या रूपानें त्यांच्या कल्ल्यांवाटे पाण्यांत परत येतें. न खाल्लेला खाऊ कुजला म्हणजे त्यांतूनही अमोनियाच निघतो. अमोनिया हें माशांस विष आहे. वाळूंत व दगडांवर राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. शेताच्या मातींतही असेच जंतु हेंच काम करितात, आणि तयार झालेलें नायट्रेट पीक शोषून घेतें. पेटींत मात्र तें घेणारें पीक नसल्यामुळें नायट्रेट सांचत जातें. स्फुरदाचीही तीच गत. नायट्रेट हें अमोनियाइतकें तीव्र विष नव्हे. तथापि त्याचा सांठा वाढला म्हणजे कांचेवर व दगडांवर तंतुमय शेवाळ माजतें आणि नाजूक प्राणी खंगूं लागतात. शेत मोकळें ठेवलें कीं तण आपोआप उगवतें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

नायट्रेट कमी होण्याची आणखी एक वाट आहे, व तीही शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. भाताच्या खाचरांत पाणी तुंबून राहिलें म्हणजे चिखलाच्या ज्या थरांत प्राणवायु पोंचत नाहीं, तेथील जंतु नायट्रेट फोडतात आणि नत्र वायुरूपानें हवेंत निघून जातें. पेटींत बारीक वाळूचा १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा थर दिला, तर त्याच्या तळाशीं हीच क्रिया होते. खाचरांत जो तोटा, तो येथें फायदा. मात्र असा थर कधीं उकरूं नये. तळच्या थरांत कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु तयार झालेला असूं शकतो, व तो एकदम पाण्यांत मिसळल्यास मासे दगावतात.

आसऱ्याचा खण

या शेताच्या खणास रेफ्यूजियम असें नांव आहे. हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ आश्रयस्थान असा होतो. आपण त्यास आसऱ्याचा खण म्हणूं. मुख्य पेटीचेंच पाणी या खणांतून सतत फिरत असतें, पण मासे मात्र त्यांत येऊं शकत नाहींत. या आडोशाचे दोन उपयोग आहेत. पहिला असा कीं, शेवाळ खाणाऱ्या माशांच्या तोंडांतून पीक वांचतें. दुसरा असा कीं, कोपेपॉड व अॅम्फिपॉड या नांवांचे कोळंबीच्या जातीचे अगदीं बारीक जीव तेथें निर्धास्तपणें वाढतात. ते व त्यांचीं पिलें पाण्याबरोबर वाहत मुख्य पेटींत जातात व माशांस ताजें, जिवंत अन्न मिळतें. मँडरिन नांवाचा सुंदर मासा बहुतेक अशाच बारीक जीवांवर जगतो. ज्या पेटींत ते नाहींत, तेथें तो कोरड्या खाऊला तोंड न लावतां दिवसेंदिवस वाळत जातो. असा मासा रंगास भुलून घरीं आणणें आणि त्याच्या अन्नाची तजवीज न करणें, हें कुरण नसतां गाय विकत घेण्यासारखें आहे.

शेवाळाकडून पाणी शुद्ध करवून घेण्याची कल्पना पद्धतशीर रीतीनें वापरून दाखविण्याचें श्रेय मुख्यतः वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेंतील वॉल्टर एडी यांस आहे. त्यांनीं १९८० च्या सुमारास प्रवाळखडकाची एक मोठी नमुन्याची टांकी चालविली. तींतील पाणी ते जाळीवर वाढविलेल्या तंतुशेवाळावरून खेळवीत, आणि ठराविक दिवसांनीं तें शेवाळ खरवडून काढीत. आसऱ्याच्या खणाची रीत निराळी असली, तरी पीक वाढविणें व तें काढून नेणें हें मर्म दोन्हींत एकच आहे.

जागा व माप

घरगुती पेटीस तिच्यांतील पाण्याच्या निदान दहावा हिस्सा पाणी मावेल एवढा खण असावा. पांचवा हिस्सा मावेल असा मिळाल्यास अधिक चांगला. बहुतेक लोक पेटीखालच्या कपाटांत एक तळची टांकी ठेवतात आणि कांचेचे पडदे लावून तिचे भाग पाडतात. वरून सांडव्यावाटे आलेलें पाणी पहिल्या भागांत पडतें, तेथून शेवाळाच्या खणांतून संथपणें जातें, आणि शेवटच्या भागांतील पंप तें पुन्हां वर चढवितो. कपाटांत जागा नसल्यास पेटीच्या वरच्या अंगास निराळा खण ठेवतां येतो. त्यांत पंपानें पाणी चढवावें व तें आपल्या वजनानें पेटींत उतरूं द्यावें. या मांडणींत बारीक जीवांस पंपाच्या पात्यांतून जावें लागत नाहीं, हा तिचा विशेष फायदा आहे.

तळची टांकी कधींही काठोकाठ भरूं नये. वीज गेली म्हणजे पंप थांबतो व वरचें कांहीं पाणी खालीं उतरतें. समजा, पेटी १०० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद आहे, आणि पंप थांबल्यावर पाण्याची पातळी सांडव्याच्या कडेपर्यंत २ सेंटिमीटर उतरते. १०० × ४५ × २ म्हणजे ९,००० घन सेंटिमीटर, अर्थात् ९ लिटर पाणी खालीं येणार. नळ्यांतील पाणी त्याहून निराळें. एवढी जागा खालीं मोकळी नसेल, तर खारें पाणी घरभर होईल. परतीच्या नळीचें तोंड पाण्यांत खोल बुडालेलें असल्यास त्याच नळीवाटे पाणी उलट ओढलें जाऊन पेटी तेवढ्या खोलीपर्यंत रिकामी होते. याकरितां पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं त्या नळीस एक लहान भोंक पाडून ठेवावें, म्हणजे पाणी थोडें उतरतांच हवा शिरून ओढ तुटते. हें भोंक शेवाळानें बुजतें. तें महिन्यांतून एकदां साफ करावें. मासे सोडण्यापूर्वींच पंप मुद्दाम बंद करून पाणी कोठवर चढतें तें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

कोणतें शेवाळ लावावें?

नवशिक्यानें कीटोमॉर्फा लावावी. ती हिरव्या, ताठ दोऱ्याच्या गुंत्यासारखी दिसते. तीस मूळ धरावयास माती किंवा दगड लागत नाहीं, आणि कापणीच्या वेळीं हातानें मूठभर तोडून घेतां येते. ग्रॅसिलेरिया हें लाल शेवाळ सावकाश वाढतें, पण माशांस खाऊ म्हणून उपयोगी पडतें. उल्व्हा हें पातळ हिरव्या पानांचें शेवाळ कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही दिसतें. कौलर्पा फार झपाट्यानें वाढते, पण तिच्यांत दोन मोठे दोष आहेत. ते पुढें सांगितले आहेत.

दुसऱ्याच्या पेटींतून आलेलें रोप तसेंच खणांत टाकूं नये. बाहेरून आणलेल्या बियाण्याबरोबर तण यावें, तसे त्याबरोबर उपद्रवी खेकडे किंवा झपाट्यानें पसरणारें लहान समुद्रफूल येऊं शकतें. रोप निराळ्या भांड्यांत खाऱ्या पाण्यानें हलवून धुवावें, कांहीं दिवस वेगळें ठेवावें व मगच लावावें.

दिवा व प्रवाह

मुख्य पेटीचा दिवा दिवसा लागतो. खणाचा दिवा रात्रीं लावावा. यांत केवळ विजेची सोय नाहीं. अंधार झाला म्हणजे पेटींतील सर्व जीव श्वास घेत राहतात, पण कर्बाम्लवायु शोषणारें कोणी उरत नाहीं. तो वायु पाण्यांत वाढून पहांटेपर्यंत पाण्याचा अल्कधर्म उतरतो व प्राणवायूही कमी होतो. त्याच वेळीं खणांतील शेवाळ उजेडांत काम करीत असल्यास तें कर्बाम्लवायु घेतें, प्राणवायु सोडतें, आणि दिवस व रात्र यांतील चढउतार पुष्कळ कमी होतो. रोज १० ते १४ तास उजेड पुरे. रोपवाटिकेंत वापरतात तसा लाल व पांढऱ्या प्रकाशाचा दिवा चालतो. दिव्याच्या तारेस खालीं झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेलें पाणी झोळाच्या तळाशीं गळून पडेल व विजेच्या खोबणींत शिरणार नाहीं.

प्रवाह संथ पण सर्वत्र खेळता असावा. पाणी एका जागीं साचलें तर शेवाळांत गाळ बसून तें आंतून कुजतें. कीटोमॉर्फेचा गोळा सावकाश फिरत राहील इतका प्रवाह असल्यास तिच्या सर्व अंगांस उजेड मिळतो.

येथें मिठासंबंधीं एक सूचना करणें अवश्य आहे. खणाच्या जोडीनें पाण्याचा पृष्ठभाग वाढतो व बाष्पीभवनही वाढतें. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. कालव्याखालीं क्षारपड झालेल्या जमिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस याचा परिणाम सांगावयास नको. म्हणून रोज जेवढें पाणी उडालें तेवढें शुद्ध गोडें पाणी घालावें. खारें पाणी फक्त पाणी बदलण्याच्या वेळीं घालावें. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राखावें.

कापणी आणि जमाखर्च

आतां मुख्य मुद्दा. शेवाळ वाढलें म्हणजे पाणी शुद्ध झालें, असें पुष्कळ लोक समजतात. तें अर्धेंच खरें आहे. शेवाळानें घेतलेलें नत्र शेवाळांत असतें, आणि शेवाळ पेटींतच असतें. तें मेलें व कुजलें कीं घेतलेलें सर्व परत करतें. नत्र खऱ्या अर्थानें बाहेर जातें तें कात्री लागली म्हणजेच. यास्तव खण भरत आला कीं दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास सुमारें तिसरा हिस्सा शेवाळ काढावें. सर्व कधींच काढूं नये. बी राखून ठेवावें.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माशांच्या १० ग्रॅम कोरड्या खाऊंत प्रथिनें शेंकडा ४५ धरलीं व प्रथिनांत नत्र शेंकडा १६ धरलें, तर पेटींत ०.७२ ग्रॅम नत्र पडलें. निथळून पिळलेल्या १०० ग्रॅम ओल्या शेवाळांत सुकें द्रव्य १० ग्रॅम व त्यांत नत्र शेंकडा ३ धरल्यास ०.३ ग्रॅम नत्र निघतें. म्हणजे १० ग्रॅम खाऊची भरपाई केवळ शेवाळानें करावयाची झाल्यास २४० ग्रॅम ओलें शेवाळ कापावें लागेल. शेवाळाच्या जातीप्रमाणें व उजेडाप्रमाणें हे आंकडे बदलतील, पण त्यांतून निघणारा बोध बदलत नाहीं. खण जोडला म्हणून खाऊ दुप्पट करूं नये, व पाणी बदलणें सोडूं नये. तथापि हें उत्पन्न क्षुल्लकही नव्हे. ०.३ ग्रॅम नत्र म्हणजे सुमारें १.३ ग्रॅम नायट्रेट होय. २०० लिटरांच्या पेटींत तें दर लिटरमागें साडेसहा मिलिग्रॅम भरतें.

स्फुरदाचा हिशेब निराळा आहे. अॅटकिन्सन व स्मिथ यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजणीप्रमाणें समुद्रतळावर वाढणाऱ्या वनस्पतींत सरासरीनें स्फुरदाच्या एका अणूस नत्राचे ३० अणु असतात. अर्थात् शेवाळास स्फुरद थोडें लागतें व नत्र पुष्कळ. पाण्यांतील नायट्रेट संपलें, तर स्फुरद शिल्लक असूनही वाढ खुंटते. जें अन्नद्रव्य सर्वांत तोकडें त्यावर पीक अडतें, हा लीबिगचा नियम येथेंही तसाच लागू पडतो. शेवाळ फिकट पडून विरूं लागलें तर लोह कमी आहे, उजेड कमी आहे, कीं नायट्रेटच उरलें नाहीं, याचा शोध घ्यावा. घाईनें कांहींही ओतूं नये.

एका चुकीची हकीकत

प्रस्तुत लेखकाच्या घरीं २०० लिटर पाण्याची पेटी आहे. तीस प्रथम खण जोडला तेव्हां लवकर भरते म्हणून कौलर्पा लावली. पहिले तीन महिने दर पंधरवड्यास कापणी केली व नायट्रेट उतरत गेलें. पुढें खरिपाच्या पेरणीचे दिवस आले. सात आठवडे खणास कात्री लागली नाहीं. खण हिरवागार भरला. येणारे जाणारे तारीफ करीत, व आम्हांसही त्यांत भूषण वाटे. एके दिवशीं सकाळीं पाहिलें तों सर्व पाणी ताकासारखें पांढुरकें झालें होतें, आणि आदल्या रात्रीचीं हिरवीं पानें कांचेसारखीं पारदर्शक होऊन गळत होतीं.

कौलर्पेचा पहिला दोष तो हाच. प्रजोत्पादनाचा काळ आला म्हणजे ती आपलें सर्व सत्त्व प्रजननपेशींच्या रूपानें पाण्यांत सोडते व स्वतः मरते. तिनें सांठविलेलें सर्व नत्र एका पहांटेंत परत आलें, आणि त्याच्या कुजण्यांत पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडला. पाणी बदलण्याची धांदल केली, तरी दुपारपर्यंत चार माशांपैकीं दोन गेले. त्यांतील एक क्लाउनफिश सहा वर्षें आमच्या घरीं होता; मुलें त्यास नांवानें हाक मारीत. दोष शेवाळाचा नव्हता. उभें पीक वेळेवर काढलें नाहीं, हा दोष शेतकऱ्याचा होता, आणि शेतकरी म्हणवून घेणाऱ्याकडून तो घडावा याची लाज अजून वाटते. त्यानंतर कीटोमॉर्फा लावली, आणि कापणीचा वार कपाटाच्या दारावर लिहून ठेवला.

तण बाहेर जाऊं देऊं नये

कौलर्पेचा दुसरा दोष याहून मोठा आहे. १९८४ सालीं भूमध्य समुद्रांत मोनॅको येथील सागरी संग्रहालयाजवळ कौलर्पा टॅक्सिफोलिया या जातीचा सुमारें एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. ही जात तेथील मूळची नव्हे. ती मत्स्यालयांत वाढविलेली होती. पुढील वर्षांत ती हजारों हेक्टर समुद्रतळावर पसरली. २००० सालीं तीच कॅलिफोर्नियाच्या एका खाडींत सांपडली. ती समूळ नष्ट झाल्याचें जाहीर करावयास २००६ साल उजाडलें, व त्यापायीं सत्तर लाख डॉलरांच्या घरांत खर्च झाला. पुण्यास १९५५ च्या सुमारास प्रथम दिसलेल्या गाजरगवतानें पुढें देशभर काय केलें, हें आपण आपल्या बांधावर रोज पाहतों. म्हणून कापलेलें शेवाळ, त्यास धुतलेलें पाणी किंवा नकोसे झालेले जीव समुद्रांत, खाडींत किंवा गटारांत कधींही टाकूं नयेत. शेवाळ उन्हांत कडकडीत वाळवावें, गोड्या पाण्यानें मीठ धुऊन काढावें व मग खताच्या खड्ड्यांत घालावें. आयर्लंड, स्कॉटलंड वगैरे देशांच्या किनाऱ्यावरील शेतकरी समुद्रशेवाळ खत म्हणून पूर्वापार वापरीत आले आहेत. अशा रीतीनें माशांच्या खाऊंतील नत्र शेवटीं आपल्या झाडांसच मिळतें.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. माशांच्या रोगावर तांब्याचें औषध देतात. तें कोपेपॉड, कोळंबी व शेवाळ या सर्वांस घातक आहे. म्हणून आजारी मासा निराळ्या भांड्यांत काढून तेथेंच त्यास औषध द्यावें. दुसरें, आपल्या देशांत प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें संरक्षण आहे. खणाच्या सजावटीसाठीं समुद्रांतून प्रवाळ किंवा प्रवाळखडक तोडून आणणें हा गुन्हा आहे, व हौसेसाठीं समुद्र उजाड करणें हें त्याहूनही वाईट आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें क्लाउनफिशच्या पैदाशीची रीत बसविली आहे. होतां होईल तों अशा पैदास केलेल्या माशांचीच मागणी करावी.

आसऱ्याचा खण हें आपोआप चालणारें यंत्र नव्हे. तें शेत आहे, आणि शेत मालकाच्या पावलांनीं पिकतें. ज्यास दर पंधरवड्यास अर्धा तास देणें शक्य आहे, त्यानें तो अवश्य करावा. ज्यास तेवढी सवड नाहीं, त्यानें खणापूर्वीं माशांचा विचार करावा. समुद्रांतील जीवास पाणी बिघडलें तर दुसरीकडे जाण्याची मुभा असते. कांचेच्या चार भिंतींत त्यास आपल्यावांचून दुसरा आसरा नाहीं.